लाल तोटीतलं गार पाणी

माझ्या मावशीला सगळं गाव कोपरमावशी म्हणायचं. आमच्या गावातल्या सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांच्या बाजूला, तिने उभा जन्म काढला. पोरींना न्हाऊ घालणं, म्हाताऱ्यांचे गुडघे शेकणं, टॉवेल वाळत घालणं, नाल्यांत अडकलेले केस काढणं, सगळं तीच करायची. पण नाव झालं ते तान्ह्या बाळांमुळे. बाळंतीण घराबाहेर पडायला लागली की बाळाला घेऊन आधी मावशीकडे यायची. मावशी टबात पाणी घ्यायची, बाही वर करून उजवं कोपर बुडवायची, डोळे मिटायची आणि मग म्हणायची, "हं, आता दे." तिच्या हातात बाळ रडलेलं मी पाहिलेलं नाही. एरवी माझा असल्या कौतुकांवर फारसा विश्वास नसतो, पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आमच्या पाण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडे पाऊस म्हणजे ऐकीव गोष्ट. नदी नाही, तळं नाही, डोळ्याला हिरवं दिसेल असं फारसं काही नाही. जे काही आहे ते जमिनीच्या पोटात, खूप खोल, आणि ते वर येतं तेच मुळी गरम. नुसतं कोमट नव्हे, चटका बसेल इतकं. कोणी तापवत नाही, तापवायला काही लागत नाही. बोअरमधून पंपाने वर येतं, पाइपातून घरोघरी जातं आणि नळातून वाफा काढत बाहेर पडतं. वास थोडा कुजक्या अंड्यांचा, पण तो आम्हाला येत नाही, पाहुण्यांना येतो. भांड्यांवर पांढरा थर धरतो, तोट्या वर्षभरात चुन्याने जाम होतात. त्या जाम तोट्यांवरच माझं घर चालतं. माझं नळ-पाइपांचं दुकान आहे.

तर गरम पाण्याची आम्हाला ददात नाही, वांधे आहेत ते गार पाण्याचे. त्यासाठी प्रत्येक घरात गीझर असतो. हसू नका. गीझर म्हणजे शेवटी आतून पत्रा आणि बाहेरून जाड अस्तर असलेली टाकीच की. आम्ही त्याची वायर काढून टाकतो आणि सावलीच्या भिंतीला टांगतो. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळपर्यंत ते निवतं. गीझर घेताना "वायर कापूनच द्या" म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याशिवाय दुसऱ्या कुठल्या दुकानदाराने पाहिली असतील असं मला वाटत नाही.

आणि प्लंबर लोकांचा नियम असा, की मुख्य लाइन निळ्या तोटीला जोडायची आणि गीझर लाल तोटीला. कंपनीच्या कागदावर तसंच छापलेलं असतं. आमच्या प्लंबरांनी तो नियम इमानेइतबारे पाळला. त्यामुळे आमच्या गावात उजवीकडची निळी तोटी सोडली की चटका आणि डावीकडची लाल सोडली की गारवा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. आमची पोरं चालायला शिकतात तेव्हाच त्यांना सांगतात, निळ्याला हात लावू नको, भाजेल.

आणखी एक गोष्ट, तीही लक्षात ठेवा. पाइप उन्हातल्या भिंतींमधून जातात, म्हणून लाल तोटी सोडली तरी पहिली धार गरमच येते. मग ती निवत जाते. म्हणून आमच्याकडच्या बायका पहिल्या धारेखाली हात धरतात. ती सोसवली की पुढे काळजी नसते, पुढे पाणी गारच होत जाणार. मावशीने हजारो बाळांच्या अंगावर पाणी घातलं ते याच हिशेबाने.

मावशीचे यजमान बोअरवर पंप चालवायचे, ते लवकर गेले. मुलगा एकच. मी त्याला चिरंजीव म्हणते, कारण मावशीने त्याला तसंच वाढवलं. बसल्या जागी ताट, उठल्या जागी टॉवेल. वाईट नाही तो. हुशार आहे, गोड बोलतो, फक्त अडचण आली की मान खाली घालून मूग गिळून बसतो. लहानपणी खिडकीची काच फोडली तेव्हाही असाच बसला होता आणि मार मला पडला होता. शिकला, मोठ्या शहरात नोकरीला लागला. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा दुकानात येऊन त्याने मला उजव्या हाताची बोटं दाखवली. तीन बोटांवर फोड.

"ताई, तिकडे सगळं उलटं आहे गं. लाल तोटी सोडली, गार धार आली, म्हटलं चला, हात खाली धरून उभा राहिलो, आणि एकदम उकळतं!"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

त्याचं लग्न तिकडेच झालं. सूनबाई तिकडचीच, शहाणी, शिकलेली, आई नसलेली पोर. लग्नानंतर एकदा आमच्या गावात आली, सकाळी येऊन संध्याकाळी परत. चिरंजीवांना गावाच्या वासाची लाज वाटत होती, म्हणून मुक्काम नाही. तेवढ्या वेळात तिचा हात एकाही नळाला लागला नाही, मावशीने पेलाभर पाणीसुद्धा हातात आणून दिलं.

मग नात झाली. सूनबाईने स्वतः फोन केला. "आई, तुम्ही या. मला हिला अंघोळ घालायची भीती वाटते. हे सांगत असतात, तुमच्यासारखी अंघोळ कोणीच घालत नाही." मावशी तो फोन गावभर सांगत फिरली. न्हाणीघरात रजा टाकली, नवीन मऊ टॉवेल शिवून घेतले आणि गेली. जाताना माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "गावच्या पोरांना घातली, आता माझ्या घरच्या पोरीला घालते." इतकी खूश मी तिला पुन्हा कधी पाहिली नाही.

ती परत आली तेव्हा टॉवेल तिच्या पिशवीत तसेच होते. काय झालं ते तिने सांगितलं नाही. गावात एवढंच कळलं की बाळाचे पाय भाजले आणि अंघोळ मावशी घालत होती. न्हाणीघरात ती पुन्हा कामाला गेली, पण बाळांना हात लावेना. कोणी तान्हं घेऊन आलं की म्हणायची, "हात कापतो गं आता." धादांत खोटं. त्याच हाताने ती सुईत दोरा ओवायची. टॉवेल द्यायचे, चपला सांभाळायच्या, एवढंच काम तिने स्वतःकडे ठेवलं. पोरी हळूहळू घरीच अंघोळी घालू लागल्या. कोपरमावशी हे नाव मात्र तसंच राहिलं, आणि नवीन मुली विचारायच्या, यांना कोपरमावशी का म्हणतात?

काही महिन्यांनी ती दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिली. मग म्हणाली, "अगं, तुला नळातलं कळतं म्हणून विचारते. तिकडे लाल तोटीत पहिलं पाणी गार का येतं?"

मी सांगितलं. तिकडे गीझर खरंच पाणी तापवतो. तो नळापासून लांब असतो, मधल्या पाइपात आधीचं निवलेलं पाणी थांबलेलं असतं. पहिलं ते येतं, मग तापलेलं.

"म्हणजे आधी गार, मग गरम."

"हो."

"आपल्याकडे आधी गरम, मग गार."

"हो गं मावशी."

मग तिने सगळं सांगितलं. ती पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी चिरंजीवांनी ऑफिसला जायच्या घाईत टब भरून ठेवला होता. मावशीने कोपर बुडवलं, पाणी अगदी हवं तसं होतं. अंघोळ निम्मी झाली आणि बाळाने टबातच शी केली. मावशी हसली, बाळाला उचललं आणि पाय धुवायला नळाकडे नेलं. हात आपोआप लाल तोटीकडे गेला. पण तरी तिने पहिल्या धारेखाली कोपर धरलं होतं. गार लागली. तिच्या लेखी काळजी मिटली होती. तिने बाळाचे पाय धारेखाली धरले. बाळाला ते आवडलं म्हणे, पाय झाडत होतं.

पुढचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, अंघोळ कोण घालत होतं? ती म्हणाली, मी. एवढंच बोलली. घरी आल्यावर तिने बाळाला घ्यायला हात पुढे केले तेव्हा सूनबाई म्हणाली, "राहू द्या, आई." आवाज चढवला नाही, रागावली नाही, फक्त बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. मावशी म्हणाली, तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

माझ्या डोळ्यांसमोर चिरंजीवांची ती तीन बोटं आली आणि अंगाचा तिळपापड झाला. "त्याला माहीत होतं, मावशी! तो स्वतः भाजला होता! त्याने तुला सांगितलं नाही? नंतर तरी बायकोला सांगितलं नाही?"

"त्याला कामाची घाई होती गं."

"मी आत्ता फोन करते तिला."

तिने माझ्या हातातला फोन काढून घेतला. "काय सांगशील? माझी चूक नव्हती, तुझ्या नवऱ्याची होती? भाजलेल्या पायाला कारण सांगून गार वाटतं का? आणि त्यांचा संसार नवा आहे. माझ्यावर राग आहे तिचा, तो राग लांब राहतो. त्याच्यावर झाला तर रोजचा होईल. तुला माझी शपथ आहे."

शपथा मी मानत नाही. पण तिची मानली, आणि त्याचा मला आजही राग येतो, तिच्यावरही आणि माझ्यावरही.

वर्षं गेली. चिरंजीव एकटे येऊन जायचे. येताना नातीचे फोटो आणायचे, शाळेतले, वाढदिवसाचे. मावशी ते भिंगाखाली धरून बघायची. मी ओळखून होते, ती पाय शोधायची. फोटोत पाय कधी येत नसत, आले तर मोजे असत. मी चिरंजीवांना एकदा दुकानाच्या मागे गाठून विचारलं, "सांगितलंस का बायकोला?" मान खाली. "सांगणार आहे, ताई. योग्य वेळ आली की." मी म्हटलं, तुझी योग्य वेळ म्हणजे आमच्या गावचा पाऊस.

शेवटी त्यांना इकडे आणलं ते नातीनेच. शाळेत भूगोलाच्या बाईंनी जमिनीतून गरम पाणी येतं असं काहीतरी शिकवलं. ही पोर उठून म्हणाली, माझ्या आजीच्या गावाला येतं. कोणाचा विश्वास बसेना. मग तिने घरी हट्ट धरला, बघायचंच. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. सूनबाईला नाही म्हणायला काही उरलं नाही.

फोन आला त्याच दिवशी मावशी दुकानात हजर. "माझ्या घरातल्या तोट्या बदलून दे. जगात असतात तशा."

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "त्यात काय, वरच्या लाल-निळ्या टोप्या काढून इकडच्या तिकडे लावते. दोन मिनिटांचं काम."

"नुसत्या टोप्या नकोत. पोर रंग बघेल की बाजू बघेल, काय सांगावं? डावीकडे गरम, उजवीकडे गार, सगळं तिच्या घरासारखं हवं. सवयीने हात जाईल ना तिचा."

भिंत फोडावी लागली. प्लंबर कुरकुरला, "मावशी, अख्ख्या गावात तुमचं एकटीचं घर उलटं होईल." पण केलं त्याने. मोरीतलं, बेसिनचं, स्वयंपाकघरातलं, एकूण एक. मावशी प्रत्येक नळासमोर उभी राहून तपासत होती.

पण तिच्या स्वतःच्या हाताला कोण सांगणार? सत्तरीचा हात. भाजी धुवायला गेली की डावीकडे, तोंड धुवायला गेली की डावीकडे, आणि दरवेळी चटका. पातळ झालेली कातडी, लगेच फोड यायचे. पाहुणे यायच्या दिवशी तिच्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. सुनेला म्हणाली, भाकऱ्या करताना भाजलं.

नात आली, आल्या आल्या बोअर बघायला धावली. वाफ बघून "खरंच की!" म्हणून ओरडली. आजीचा हात धरून गावभर हिंडली. चपला घातलेल्या होत्या, उजव्या पावलावर घोट्याजवळ गुळगुळीत, चमकणारा डाग होता. मावशीने तो पाहिला. त्या दिवशी ती जेवली नाही, पोट भरलंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे तिच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. शेजारीण लोणच्याची बरणी घेऊन आली. बोटं तेलकट झाली म्हणून सरळ नळाकडे गेली, लाल तोटी सोडली आणि किंचाळली.

"मेले गं बाई! तुझ्या नळाला काय झालं? लालमध्ये गरम?"

सूनबाई हसली. "लालमध्ये गरमच असतं ना?"

"कुठल्या जगात?" शेजारीण हात फुंकत म्हणाली. "अख्ख्या गावात लाल म्हणजे गार. मागच्या आठवड्यापर्यंत इथेही होतं. ही म्हातारी डोक्यावर पडली का काय, नळ उलटे करून बसलीय!"

सूनबाईचा घास हातातच राहिला. तिने नळाकडे पाहिलं, मग मावशीच्या रुमाल बांधलेल्या हाताकडे. मावशी माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको. पण मी सांगितलं. वायर नसलेले गीझर, पहिली गरम धार, कोपर, सगळं. तीन बोटांच्या फोडांचंही सांगितलं. एकदाचं सांगून टाकलं आणि मला त्याने मुळीच हलकं वाटलं नाही, कारण समोर नऊ वर्षांची पोर बसली होती, तेवढा उशीर झाला होता.

सूनबाई नवऱ्याकडे वळली. "तुला माहीत होतं."

चिरंजीवांनी मान खाली घातली. "सांगणार होतो. आधी तू इतकी घाबरली होतीस. नंतर... नंतर कसं सांगायचं तेच कळेना."

"इतकी वर्षं मी आईंना माझ्या मुलीला हात लावू दिला नाही. आणि तू बघत होतास."

"अगं, त्याला बोलू नको," मावशी म्हणाली. "हात माझा होता."

सूनबाई उठली आणि मावशीपाशी जाऊन खाली बसली. तिने रुमाल सोडला. खालचा हात बघून तिला रडू आवरेना. मग ती म्हणाली, "आई, उद्या सकाळी हिला तुम्ही अंघोळ घाला. तुमच्या हाताने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ती कधीचीच उठलेली होती. मोरीत पाट मांडला होता. जुन्या पिशवीतले ते टॉवेल काढून खुंटीला लावले होते. नऊ वर्षं घडीत राहून ते पिवळे पडले होते. बादली भरलेली होती. दुखऱ्या हाताची बाही तिने वर केली, कोपर पाण्यात बुडवलं, डोळे मिटले. किती वर्षांनी मी ते बघत होते. "हं," ती म्हणाली, "आता ये गं बाळा."

नात डोळे चोळत आली, पाटाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि खुदकन हसली. "शी! आजी, मी काय बाळ आहे? माझी मी करते अंघोळ." आणि तिने आत जाऊन हसत हसत आजीला हळूच बाहेर काढलं आणि कडी लावली.

"अगं, आजीला घालू दे ना!" सूनबाई दारावर थापा मारू लागली. "ऐक माझं, आजच्या दिवस!"

"असू दे," मावशी म्हणाली. "मोठी झाली ती."

ती दाराबाहेर भिंतीला टेकून खाली बसली. बाही वरच होती, कोपरावरून पाणी ओघळून जमिनीवर पडत होतं. आत पोर गाणं म्हणत पाणी उडवत होती. सूनबाई तोंडाला हात लावून स्वयंपाकघरात निघून गेली. चिरंजीव अंगणात उभे होते, आत आले नाहीत. मी मावशीशेजारी बसले. ती मधूनच दाराला तोंड लावून म्हणायची, "गरम आहे का गं जास्त?" आणि आतून यायचं, "नाही गं आजी, मस्त आहे!"

ते गेल्यावर आठवड्याभराने मी प्लंबरला घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, चल, आता तुझे नळ पूर्वीसारखे करून देते. तिने दारातच अडवलं.

"राहू दे. ती परत येईल म्हणाली आहे."

"ती येईल तेव्हा पुन्हा बदलू की. तोवर तुझा हात भाजतोय, मावशी."

"होईल गं सवय," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. भांडं धुवायला तिचा हात डावीकडे गेला, आणि तिने ओठ आवळून तो मागे घेतला. ती आणखी चार वर्षं जगली. सवय तिला झाली नाही.